सात नंबरचा बोर्ड

लिफ्टमध्ये सरांच्या हातात तो डबा दिसला आणि मी तो आधी रंगावरून ओळखला. दुधात थोडी हळद पडल्यासारखा पिवळट रंग, पुढच्या बाजूला बुटका कीबोर्ड डब्यालाच जोडलेला, मागे जाळी. पस्तीस-छत्तीस वर्षांत मी तसला कॉम्प्युटर पाहिला नव्हता.

सर आमच्याच सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतात, मी दुसऱ्या. ते कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांना जुने कॉम्प्युटर जमवायचा नाद आहे हे त्यांच्या बायकोने मला भाजीवाल्यापाशी सांगितलं होतं, तेही तक्रारीच्या सुरात. बोरिवलीत दोन खोल्यांच्या घरात एक खोली यंत्रांना दिलेली म्हटल्यावर ती तक्रार करणारच.

"कुठे मिळाला हा?" मी विचारलं.

"एका शाळेच्या अडगळीत. असाच एक आधीपासून माझ्याकडे आहे. दोन्ही बंद." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला माहितीये हा?"

"मी बनवायचे," मी म्हटलं. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली होती. मी बाहेर पडले नाही.

बनवायचे म्हणजे अख्खा कॉम्प्युटर नव्हे. मरोळला एका गाळ्यात ती छोटी कंपनी होती. लांब टेबलांवर आम्ही बारा जणी बसायचो आणि प्रत्येकीपुढे कथील वितळवून जोडकाम करायचं एक सोल्डरिंग आयर्न. माझ्याकडे रेग्युलेटरचे बोर्ड होते. भिंतीतली वीज ट्रान्सफॉर्मरमधून कमी होऊन येते, पण ती वरखाली होत असते. आतल्या चिपांना मात्र बरोबर पाच व्होल्ट लागतात. पाचाचे सात झाले तर चिपा जळतात, चार झाले तर कॉम्प्युटर बावचळतो. ते पाच धरून ठेवायचं काम या तळहाताएवढ्या बोर्डाचं. त्यावर तीन पायांचा एक रेग्युलेटर, त्याची उष्णता घ्यायला अॅल्युमिनियमची जाड पट्टी, आणि विजेचे चढउतार शोषून घेणारे, उभ्या डब्यांसारखे दिसणारे चार कपॅसिटर. काम झालं की कोपऱ्यात लाल रंगाने आपला नंबर टाकायचा. माझा सात.

आमचं घर तेव्हा घाटकोपरच्या डोंगरावर होतं. वडिलांची मिल बंद पडून काही वर्षं झाली होती, आणि माझ्या पगारावर बऱ्यापैकी घर चालायचं. मला ते काम आवडायचं. कथील वितळून पायाभोवती चमकदार शंकू झाला की मला बरं वाटायचं. माझा हात सगळ्यांत जलद होता. त्यामुळे नवीन काही आलं की साहेब आधी माझ्यापुढे ठेवायचे. साहेब म्हणजे तयार बोर्ड तपासणारे आमचे इन्स्पेक्टर.

एका महिन्यात माझे बोर्ड परत यायला लागले. आधी दोन, मग पाच, मग पेटी भरून. सगळ्यांवर सात नंबर. आणि सगळ्यांवर पाच व्होल्टच्या बाजूचा तोच एक कपॅसिटर फुगलेला नाहीतर फुटलेला. घाटकोपरच्याच एका शाळेत जळका वास येतोय म्हणून मास्तरांनी झाकण उघडलं आणि तो त्यांच्या तोंडासमोर फुटला. गाल भाजला. डोळा थोडक्यात वाचला, असं साहेब म्हणाले.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दोन बोर्ड शेजारी ठेवले. एक नऊ नंबरचा, म्हणजे माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचा, व्यवस्थित चालणारा. दुसरा माझा. "हिचा प्लस बोर्डाच्या कडेला आहे," साहेब म्हणाले. "तुझा आत. उलटा लावलायस तू. उलटा कपॅसिटर पहिल्या टेस्टिंगला तग धरतो, मग तापत जातो, मग हे असं."

मी दोन्हींकडे बघत राहिले. खरंच उलटा होता. कपॅसिटर कसा लावायचा ते बोर्डावर छापलेलं असतं. एक गोल, त्याच्या आत अधिकची खूण, त्या भोकात कपॅसिटरचा लांब, म्हणजे प्लसचा, पाय घालायचा. एकदा कपॅसिटर बसला की ती खूण त्याच्याखाली झाकून जाते. मी छापल्याप्रमाणेच लावते, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण समोर दोन बोर्ड होते आणि माझा उलटा होता.

त्या महिन्यात वडील हॉस्पिटलमध्ये होते. रात्री तिथे भाऊ थांबायचा आणि सकाळी मी, तिथूनच कामावर. साहेबांनी मैत्रिणीलाही विचारलं, ही अशी का वागतेय. ती म्हणाली, "तिचे वडील आजारी आहेत साहेब, लक्ष उडालंय तिचं." मला सांभाळून घ्यावं म्हणून ती तसं म्हणाली. साहेबांनी ते माझ्या नावापुढे लिहून घेतलं. मला पॅकिंगला बसवलं. दोन महिन्यांनी मीच सोडलं.

नंतर घाटकोपर स्टेशनजवळ एका चष्म्याच्या दुकानात सव्वीस वर्षं काढली. काचा बसवणं, बारीक स्क्रू, वाकलेल्या काड्या. कामाला कोणी नावं ठेवली नाहीत. पण एकही चष्मा मी शेठजींना दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात दिला नाही. शेवटी शेवटी ते वैतागायचे. "अगं, तूच मला शिकवशील एवढं येतं तुला, मला काय दाखवतेस?" मी तरी दाखवायचे. घरी गॅसचं बटण तीनदा बघायचे. कुलूप लावून खाली उतरले की परत वर. नवऱ्याला वाटायचं स्वभाव आहे. मलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं.

हे सगळं मी सरांना सांगितलं नाही. लिफ्टमध्ये एवढंच म्हटलं की रेग्युलेटरचे बोर्ड करायचे. त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, तोच गेलाय. दोन्हींचा. मला सर्किट कळतं, पण हात बघा." त्यांनी उजवा हात पुढे धरला. बोटं बारीक थरथरत होती. "डॉक्टर म्हणतात वयाचं आहे. सोल्डरिंग करायला गेलो की शेजारचं जळतं. तुम्ही कराल का?"

"मी उलटं लावेन," मी म्हटलं. ते विनोद समजून हसले.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो पेपर खाली न ठेवता म्हणाला, "जा की. इथे बसून सिरियलच बघणार ना."

रविवारी सकाळी अकरा वाजता मी चौथ्या मजल्यावर गेले. सरांनी टेबल लावून ठेवलं होतं. नवीन आयर्न, कथलाची गुंडाळी, वितळलेलं कथील ओढून घ्यायचा छोटा पंप, आणि मोठं भिंग. चष्मा लावून भिंगाखाली हात धरला तर स्वतःच्या बोटांवरच्या रेषासुद्धा दोरखंडासारख्या दिसत होत्या. आयर्न तापल्यावर पहिल्या कथलाचा तो वास आला आणि माझे खांदे आपोआप खाली आले. हात हे काम विसरलेले नव्हते.

सरांनी पहिल्या कॉम्प्युटरचा बोर्ड काढून पुढे ठेवला. मी आधी कोपरा बघितला. धुळीखाली लाल सात होता.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"माझा आहे," मी म्हटलं.

त्यांना आनंद झाला. त्यांनी बायकोला हाक मारून दाखवलं. मी हसले वगैरे. एवढ्या वर्षांनी तो समोर येऊन बसला होता, आणि तोही बंद पडलेला.

सरांनी काय करायचं ते समजावलं. तो जुना तीन पायांचा रेग्युलेटर जादाची वीज नुसती उष्णता करून फेकतो, म्हणून ती जाड पट्टी लागते, आणि वर्षानुवर्षं भाजून आसपासचं सगळं वाळून जातं. आता त्याच तीन भोकांत बसणारा अंगठ्याच्या नखाएवढा नवा तुकडा मिळतो. तो वीज तुकड्यातुकड्याने घेतो आणि तापत नाही. तो बसवायचा, चारही कपॅसिटर नवे टाकायचे, आणि मग मीटर लावून बघायचं.

मी काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढला. चष्म्याच्या दुकानातली सवय. खोलण्याआधी कसं होतं ते असलेलं बरं. रेग्युलेटर निघाला. तीन कपॅसिटर निघाले. त्या तिघांचा रंग निळा, आमच्या वेळचा. चौथा, पाच व्होल्टच्या बाजूचा, तपकिरी होता.

"हा नंतर कोणीतरी बदललाय," सर म्हणाले.

म्हणजे हा फुटलेल्यांपैकीच. परत आला, दुरुस्तीवाल्याने बदलला, शाळेत गेला. तपकिरी कपॅसिटर उपसला, बोर्ड ब्रशने साफ केला. खाली छापलेला गोल दिसला. गोलाच्या आत अधिकची खूण.

मी नवा कपॅसिटर उचलला. लांब पाय खुणेच्या भोकाकडे. हात सरळ तिकडेच गेला, जसा शेकडो वेळा गेला असेल. पाय भोकांत उतरले आणि मी थांबले.

"थांबा हं," मी म्हटलं आणि मोबाइलवरचा फोटो उघडून मोठा केला. तपकिरी कपॅसिटरच्या अंगावरची वजाची पट्टी स्पष्ट दिसत होती. ती खुणेच्याच बाजूला होती. दुरुस्तीवाल्याने तो छापल्याच्या उलट लावला होता.

"सर, त्याने उलटा लावलाय."

सरांनी फोटो बघितला, बोर्ड बघितला. "लावला असेल चुकून. आपण छापल्याप्रमाणे लावू."

"पण हा फुटला नाही," मी म्हटलं. "एवढी वर्षं फुटला नाही."

सरांनी ड्रॉवर उघडला. मग म्हणाले, "मीटर घेऊ."

त्यांनी मीटर आवाजावर लावला. दोन टोकं एकाच तारेवर पोचली की तो वाजतो. एक टोक त्यांनी बोर्डाच्या मायनसच्या तारेवर धरलं. दुसरं माझ्या हातात दिलं, त्यांचा हात थरथरतो म्हणून. मी ते खूण नसलेल्या भोकाला लावलं, जे वजाचं असायला हवं. काहीच वाजलं नाही. अधिकची खूण असलेल्या भोकाला लावलं. मीटर वाजला.

मी टोक उचललं, परत लावलं. वाजला. तिसऱ्यांदा लावलं. सर म्हणाले, "अहो, वाजतोय. छापलेलं चुकीचं आहे. जिथे प्लस लिहिलंय तिथे मायनस आहे."

"दुसरा बोर्ड काढा," मी म्हटलं. माझा आवाज जरा मोठाच झाला असावा, कारण स्वयंपाकघरातून त्यांची बायको डोकावली.

दुसऱ्या कॉम्प्युटरमधला बोर्ड निघाला. कोपऱ्यात लाल नऊ. मैत्रिणीचा. कपॅसिटर काढला, खालचा गोल बघितला. अधिकची खूण कडेला होती, माझ्या बोर्डावर ती आतल्या बाजूला होती. मीटर लावला तर खूण बरोबर होती. दोन्ही बोर्ड शेजारी ठेवले तेव्हा कळलं की हिरव्या रंगातही फरक आहे, माझा जरा काळपट. वेगळा लॉट. नवीन छापून आलेला, आणि नवीन म्हणून आधी माझ्यापुढे ठेवलेला.

मी छापल्याप्रमाणेच लावलं होतं. प्रत्येक वेळी.

मला रडू वगैरे आलं नाही. मी मीटरचं टोक खाली ठेवलं आणि टेबलाची कड धरून बसून राहिले. सरांनी विचारलं, बरं वाटत नाहीये का. मग मी त्यांना सगळं सांगितलं. साहेबांच्या केबिनमधले दोन बोर्ड, मास्तरांचा गाल, पॅकिंग. त्यांच्या बायकोनेही दारात उभं राहून ऐकलं. सरांनी तो तपकिरी कपॅसिटर उचलून बघितला.

मग म्हणाले, "दुरुस्तीवाल्याला कळलं होतं. म्हणजे कंपनीतही कोणाला तरी कळलं असणार."

तेव्हा मला आठवलं. मला पॅकिंगला बसवलं त्याच आठवड्यात त्या लॉटचे उरलेले कोरे बोर्ड कोणीतरी पेटीत भरून नेले होते. मी बघितलं होतं. मला वाटलं होतं, माझ्यामुळे कामच थांबवलं.

"राग येतोय?" सरांनी विचारलं.

मी शोधून बघितलं. साहेब त्या वेळी पन्नाशीचे होते, आता असतील नसतील. त्यांना तेव्हाच माहीत होतं की नंतर कळलं, आणि कळल्यावर एका मुलीला बोलावून सांगणं त्यांना जड गेलं का, हे मला कधीच कळणार नव्हतं. "येईल कदाचित नंतर," मी म्हटलं. "आत्ता फक्त सुटल्यासारखं वाटतंय. चला, उरलेलं करू."

उरलेलं केलं. चौथा कपॅसिटर छापल्याच्या उलट, म्हणजे बरोबर, लावला. नवा रेग्युलेटर बसवला. सरांनी आधी कॉम्प्युटरला न जोडता नुसता गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब लावला. बारा व्होल्टचा बल्ब पाचावर मंदच पेटला. मीटरवर पाच, आणि दशांशापुढे दोन शून्यं. दहा मिनिटं ठेवून मी रेग्युलेटरला बोट लावलं. कोमट सुद्धा नव्हता. मग बोर्ड आत बसवला, सरांच्या जुन्या टीव्हीला वायर जोडली, आणि बटण दाबलं. पडदा आधी करडा झाला, मग कोपऱ्यात एक छोटा चौकोन लुकलुकायला लागला. सरांची बायको म्हणाली, "एवढंच?" सर म्हणाले, "एवढंच." त्या दोघांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला हसू आलं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो पेपर खाली ठेवून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मला कधी सांगितलं नव्हतंस हे."

"काय सांगणार? चूक केली म्हणून?"

तो उठला आणि चहा टाकायला गेला. तीसेक वर्षांच्या संसारात त्याने चहा पाचसहा वेळा केला असेल.

मैत्रीण मुलुंडला राहते. आमची मैत्री तुटली नव्हती. लग्नं, बारशी, तिच्या नवऱ्याचं जाणं, सगळ्याला आम्ही एकमेकींकडे होतो. पण मरोळचं नाव निघालं की ती उठून काहीतरी आणायला आत जायची. मी ते बघितलं होतं, पण विषय काढला नव्हता. तिने तेव्हा साहेबांना काय सांगितलं ते मला माहीत आहे, हे तिला माहीत होतं.

बुधवारी मी बसने तिच्याकडे गेले. सरांकडून दोन्ही बोर्डांचे फोटो घेतले होते, कपॅसिटर काढलेले. ती कुळीथ निवडत बसली होती. मी तिच्या शेजारी बसून मोबाइल तिच्यापुढे धरला. "हा तुझा, नऊ. हा माझा, सात. गोलात बघ."

तिने चष्मा वर केला, खाली केला, मोबाइल जवळ घेतला. बारा वर्षं तिने तेच काम केलं होतं, मी गेल्यावरही. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"छपाई उलटी," ती म्हणाली.

"मीटर लावून बघितला."

तिने मोबाइल ताटाशेजारी ठेवला. मग तिच्या घरच्या मालवणीत, जी ती माझ्याशी सहसा बोलत नाही, म्हणाली, "मी तेव्हा साहेबाक काय सांगितलंय ता माका अजून आठवता गो."

"मला सांभाळायला सांगितलंस."

"नाय," ती म्हणाली. "थोडासा तसा माका वाटला पण होता. तुझा लक्ष नाय, असा खराच वाटला होता." आणि ती रडायला लागली, आवाज न करता, ताटातल्या कुळथांवर थेंब पडत होते.

"अगं मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हटलं. "मलाच वाटलं तर तुला वाटणारच ना."

हे मी तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, पण बोलता बोलता कळलं की हे खरंच आहे. तिच्यावर मी कधी रागावले नव्हते, कारण तिचं म्हणणं मला पटलं होतं. तिने डोळे पुसले. मग विचारलं, त्या मास्तरांचं पुढे काय झालं. मी म्हटलं, माहीत नाही, गाल बरा झाला एवढं ऐकलं होतं. "गाल बरो झालो असतलो," ती म्हणाली, जणू तेही आता आम्हीच ठरवायचं होतं.

मग तिने मरोळचं बोलायला सुरुवात केली. कोणाचं लग्न कुठे झालं, चार नंबरवाली आता नातवासाठी गोरेगावला राहते, जेवणाच्या सुट्टीत गाळ्यामागच्या पायऱ्यांवर बसून आम्ही काय काय बोलायचो. दीड तास ती बोलत होती आणि एकदाही उठून आत गेली नाही. कुळीथ निवडायचे राहिले. शेवटी तिने ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "तू निवड, मी भात लावतंय."

मी निवडले. खडे फारसे नव्हते. निवडून झाल्यावर ताट परत न तपासता तसंच नेऊन तिच्या ओट्यावर ठेवलं.